मालकाला फाटकावरून आत टाकलं तेव्हा

मी क्लिफर्ड हेब्लथ्वेट. ब्रॅकनशॉ गावचा बस ड्रायव्हर आणि एका बस कंपनीचा मालक. हसू नका. तीनशे मालकांपैकी एक होतो, पण होतो. सरकारच्या आग्रहाने नगरपालिकेने बस विकायला काढल्या, तेव्हा बाहेरचा कुणी धनाढ्य आपल्या उरावर बसण्यापेक्षा आपणच घेऊ या, असं आम्ही ड्रायव्हर, मेकॅनिक, कॅन्टीनवाल्या बायका अशा सगळ्यांनी मिळून ठरवलं. बँकेने कर्ज दिलं, प्रत्येकाच्या नावावर सारखे शेअर झाले, आणि एका सोमवारी मी स्वतःच्या मालकीची बस घेऊन निघालो. दुसऱ्याच थांब्यावर एका बाईने भिजलेला कुत्रा सीटवर बसवला. वीस वर्षं मी असल्या कुत्र्यांकडे काणाडोळा केला होता. त्या दिवशी मात्र बस उभी करून बाईला आणि कुत्र्याला खाजगी मालमत्तेवर भाषण दिलं. बस उशिरा पोहोचली. नुकसान अर्थात मालकाचंच झालं.

माझी खरी पंचाईत वेगळी होती. युनियनचा जुना माणूस म्हणून मालकाला शिव्या देणं ही माझी एकमेव विद्या. आता कॅन्टीनमध्ये कुणी ‘मालक चोर आहेत’ म्हणालं की सगळे माझ्याकडे बघायचे, कारण त्यांनीच मला संचालक मंडळावर निवडून दिलं होतं. मंडळात चार साहेब आणि पाचवा मी. पहिल्या सभेसाठी मी नवा टाय घेतला. माझी बायको मॅविस म्हणाली, “कुणाच्या मयताला चाललास?”

वर्षभराने मॅनेजर पेम्बर्टनने माळावरचा डेपो बंद करायचा ठराव आणला. हा पेम्बर्टन आम्हीच पगार देऊन ठेवलेला, आणि मंडळाचा अध्यक्षही तोच. डेपो बंद झाला असता तर तिथली सगळी माणसं घरी बसली असती. त्यात मी होतो आणि तिथलं कॅन्टीन चालवणारी मॅविसही होती. पेम्बर्टन धरून दोन साहेब ठरावाच्या बाजूने, दोन विरुद्ध, म्हणजे माझ्या मताने ठराव पडणार हे उघड होतं. शहाण्या माणसांनी निवांत झोप काढली असती. आम्ही संप पुकारला.

“कुणाविरुद्ध?” मॅविसने विचारलं.

“मालकांविरुद्ध.”

“म्हणजे तुझ्याविरुद्ध.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, मॅविस.”

“आणि ही ‘मालकांनो, लाज बाळगा’ची पाटी कुठे लावणार? आपल्याच दारावर लाव, शोभेल.”

सभेच्या सकाळी आम्ही सगळे मुख्य कचेरीच्या फाटकासमोर रांग धरून उभे राहिलो. शेकोटी पेटवली होती, बेकन घातलेले पाव फिरत होते. चारही साहेब खाली माना घालून रांगेतून आत गेले. आम्ही यथेच्छ हुर्यो उडवली. मग वरची खिडकी उघडली आणि पेम्बर्टनने डोकं बाहेर काढलं.

“हेब्लथ्वेट, सभा सुरू होतेय. तुम्ही आला नाहीत तर मतं समसमान होतील, आणि मग अध्यक्षाचं जादा मत चालेल.”

खिडकी बंद झाली. संपाची इतकी जय्यत तयारी केली, पण माझं मत आत लागेल हे कुणाच्या टाळक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मत तर माझंच होतं.

“मग जा ना आत,” आमचा म्होरक्या नॉर्मन शटलवर्थ म्हणाला.

“रांग ओलांडून?”

आमच्याकडे माणसाची दारू माफ होते, बाहेरख्यालीपणाही माफ होतो, पण संपाची रांग ओलांडून आत जाणारा कामगार फितूर ठरतो, आयुष्यातून उठतो. माझे वडील जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेले. ते आमच्याचकडे राहायचे, आणि रांग ओलांडून आलेल्या मुलाला त्यांनी दारातही उभं केलं नसतं.

मग आम्ही आम्हाला जमतं तेच केलं, तिथल्या तिथे सभा भरवली. रांग पाच मिनिटं उठवावी अशी सूचना आली. पाच नको, तीन, अशी उपसूचना आली. चिटणिसाच्या सहीशिवाय हे बेकायदा आहे, असं एकाने काढलं, आणि चिटणीस समुद्रावर सुट्टीला गेलेला. शेवटी सगळ्यांनी हात वर केले. “जा गड्या, आमची परवानगी आहे.”

मी फाटकापाशी गेलो, पण पाय उचलेना.

“अरे, बायकोची नोकरी जाईल!” नॉर्मन ओरडला.

“मला कळतंय रे. पायाला कळत नाहीये.”

नॉर्मनने माझ्याकडे पाहिलं, मग छातीएवढ्या फाटकाकडे. “पाय ओलांडत नाही ना? मग पायाचं कामच नको.”

मला काही कळायच्या आत मी आडवा होऊन त्यांच्या हातांवर होतो. “साहेब, खाली या! झेला!” पेम्बर्टन खरंच धावत आला. ठराव त्याचा, पण संचालकाला सभेला आणणं हे अध्यक्षाचं कर्तव्य, असा त्याचा खाक्या. हात पसरून त्याने गंभीरपणे विचारलं, “डोकं आधी येणार की पाय?” मॅविसच्या हातचं खाऊन खाऊन माझं वजन काही कमी नव्हतं. आम्ही दोघं डिझेलच्या थारोळ्यात कोसळलो, आणि तसेच बरबटलेले मंडळासमोर बसलो. ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पडला, डेपो वाचला.

संध्याकाळी घरी आलो, तर बातमी माझ्याआधीच पोहोचलेली. वडिलांनी टीव्ही बंद केला.

“ओलांडलीस?”

“नाही बाबा. उचलून टाकलं मला.”

“कोणी?”

“आपल्याच लोकांनी. सगळ्यांनी मिळून.” ते आता काय म्हणतील याची मला धास्ती होती. म्हणून उगाच हसत म्हटलं, “नेमका पेम्बर्टनच्या अंगावर पडलो.”

ते हसले नाहीत. माझ्या डिझेलने माखलेल्या कोटाकडे बघत राहिले.

“हॅरोल्डला कुणी उचललं नाही,” ते म्हणाले.

“कोण हॅरोल्ड?”

“माझा धाकटा भाऊ.”

माझं वय तेव्हा एकोणपन्नास. आपल्याला काका होता हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“सव्वीस सालचा संप,” ते म्हणाले. “साठ वर्षांवर झाली. त्याची पोर तापाने फणफणलेली, घरात अन्नाचा कण नाही. खाणीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आमच्याकडे बघत होता. कुणीतरी ‘जा’ म्हणेल, याची वाट बघत होता रे. मी समोरच होतो. मी मान फिरवली. मग गेला तो एकटाच आत.”

“पुढे?”

“पुढे कुणी बोललं नाही त्याच्याशी. बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला. कुठे गेला, मी कधी विचारलं नाही.”

मी त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो. त्यांनी माझी बाही धरली, आणि ज्यांच्या धाकाने सकाळी माझा पाय उचलला नव्हता, ते वडील मला हळूच विचारू लागले, “आता शोधला तर सापडेल का रे तो?”