लेकाच्या कंपनीचे शेअर

माझ्या वयाच्या बायका तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावतात. मीही लावते, पण एक डोळा मोबाइलवर ठेवून. उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्याकडे सात वाजता अमेरिकेचा शेअरबाजार उघडतो, आणि थंडीत आठला, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे मागेपुढे करतात. हे मी नोकरीभर भूगोलाच्या तासाला पोरांना शिकवलं. त्याचा मला स्वतःला काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

घरात मी एकटी. मागे सुपारीची वाडी आहे, तीही चक्रीवादळात निम्मी आडवी झालेली. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अमेरिकेत, पार पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे माझी संध्याकाळ ती त्याची पहाट. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायचं मी सोडून दिलं आहे, कारण विचारलं की फोन लवकर संपतो. तसाही तो लवकरच संपायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, पाऊस आहे का. मी जेवलेली असे, गोळ्या घेतलेल्या असत आणि पाऊस काय, कोकणात असतोच. मग तो म्हणायचा, "चल आई, ठेवतो." मी ठेवलेला फोन हातात धरून बसायची. नोकरीत असताना शेकडो पोरांशी बोलले आणि स्वतःच्या पोराशी बोलायला चार वाक्यं सुचू नयेत याचा मला रागही यायचा आणि रडूही.

माझा आयकराचा कागद भरून देणारे एक गृहस्थ म्हसळ्याला बसतात. त्यांच्याकडे एकदा गेले असताना ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते की हल्ली इथे बसून अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर घेता येतात, अख्खा परवडत नसेल तर तुकडासुद्धा मिळतो. तो दुसरा माणूस उठून गेला. मी तिथेच बसून राहिले.

"कुठल्याही कंपनीचे मिळतात?" मी विचारलं.

"बाई, तुम्हाला कशाला हवेत?"

मी मुलाच्या कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "घ्यायचेच असतील तर पुष्कळ कंपन्या एकत्र असलेला फंड घ्या. एक पडली तर दुसरी सावरते. एकाच कंपनीचे घ्यायचे म्हणजे तिचं कामकाज कळायला हवं, तिचे हिशेब वाचता यायला हवेत. त्यात ही परदेशातली. आणि मुलाचा पगार तिथून येतो ना? मग तुमची पुंजी पण तिथेच कशाला? उद्या काही झालं तर दोघं एकदम बुडाल."

माणूस बरोबर बोलत होता आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. आमच्या शेजारी मासळी विकणारी बाई राहते. तिचे दोन मुलगे बोटीवर जातात, पण एका बोटीवर कधी नाही. एका घरातले दोघे एका बोटीत जायचे नाहीत हा त्यांच्या घरातला नेम, तिच्या सासऱ्यापासूनचा. हे मी माझ्या ओटीवरून वर्षानुवर्षं बघत आले आहे. तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, वळत नव्हतं.

खरी गोष्ट वेगळीच होती, ती मी त्यांना सांगणार नव्हते. मला नफा नको होता. मला मुलाशी बोलायला विषय हवा होता.

बँकेतल्या मुलीने बाहेरदेशी पैसे पाठवायचा फॉर्म आयुष्यात कधी भरला नव्हता. "मुलाच्या फीसाठी का, मॅडम?" तिने विचारलं. "फी देऊन झाली गं, आता वसूल करत्येय," मी म्हटलं. तिला ते काही समजलं नाही. मुदत ठेवीतली एक चांगली मोठी रक्कम मी मोडली. रुपयांचे डॉलर होताना बँकेने आपला वाटा कापला, पाठवणावळ वेगळी घेतली, आणि म्हसळ्याच्या गृहस्थांनी बजावलं की आता दर वर्षी परदेशातली मालमत्ता म्हणून हे सगळं आयकरात दाखवावं लागेल, विसरलात तर दंड जबर आहे. मी मान डोलावली. मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला कोण काय सांगतंय ते जसं ऐकू येत नाही, तशी माझी गत होती.

पण खोटं कशाला बोलू, ते दिवस फार चांगले गेले.

सातला बाजार उघडायचा, मी पाच-दहा मिनिटं आकडा बघायची आणि मुलाला फोन लावायची. तिकडे तो ऑफिसला निघायच्या गडबडीत. "काय रे, आज तुमचा शेअर उघडल्या उघडल्या पडला तो?" तो आधी वैतागला, मग हसला, मग समजावून सांगायला लागला. तिमाहीचे निकाल म्हणजे काय. नफा वाढला तरी भाव का पडतो. शेअर होता तिथेच राहिला आणि रुपया घसरला तर मला इथे नफा कसा दिसतो. हे शेवटचं मला कधी आवडलं नाही. देश खाली गेला की मी वर, ही कसली कमाई!

एक गोष्ट मात्र तो कधी बोलायचा नाही. "आत काय चाललंय रे तुमच्याकडे?" असं विचारलं की लगेच, "आई, आतलं विचारायचं नाही. कायद्याने चालत नाही." मी म्हणायची, "जन्मापासून मला आतलं काय सांगितलंयस तू?" तो हसायचा. गाडीचं दार उघडल्याचा आवाज यायचा, मग पट्टा लावायला सांगणारी पीं पीं, आणि फोन बंद. पण तोवर दहा-पंधरा मिनिटं झालेली असायची. रोज! शेजारणीच्याही ते लक्षात आलं. टोपली उतरवता उतरवता ती विचारायची, "बाई, तुमच्या शेरचा काय भाव हाय आज?" मी सांगितलं की म्हणायची, "मंग आमचा पापलेट काय वाईट हाय? तो खाता तरी येतो!"

भाव पडायचा तेव्हा मी घाबरत नसे. आमच्या घरात सुपारी सोलून कोठीत भरून ठेवायची आणि भावाची वाट बघायची हीच रीत. सासरे तर व्यापारी दारातून दोनदा परत गेल्याशिवाय भाव बोलत नसत. पण सुपारी आपल्या कोठीत असते, हाताला लागते, नासली तर वास येतो. हे सातासमुद्रापलीकडचं नासायला लागलं तर मला वास कसा येणार, हा विचार मी केला नव्हता.

एका संध्याकाळी मोबाइल उघडते तो आकडा एकदम उडालेला. इतका की मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बातमी शोधली. कंपनीने खर्च कमी करायचं ठरवलं होतं, हजारो माणसं कमी करणार होते, आणि त्यावर बाजार खूष झाला होता. मी मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. मी नारळीभात केला. एकटीसाठी कुणी नारळीभात करत नाही, पण मी केला, वर काजू पेरले, फोटो काढून त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुमच्या कंपनीच्या नावाने." शेजारणीला वाटीभर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तो फोनवर आला तेव्हा मी म्हटलं, "बरं केलं हो तुमच्या कंपनीनं. नको ती माणसं काढली की कारभार सुधारतोच." तो म्हणाला, "हं."

त्यानंतर आमचे फोन लांबले. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. गाडीचं दार नाही, पीं पीं नाही, घाई नाही. वाडीत पाणी कोण सोडतं, शेजारणीचा धाकटा काय करतो, हे तो आपणहून विचारायला लागला. मी मनातून इतकी सुखावले! पोराला उशिरा का होईना, आईची आठवण व्हायला लागली, असं मी देवापुढे म्हटलंसुद्धा.

मग भाव थोडा डळमळला. मी सवयीने विचारलं, "काय रे, आत काय चाललंय?" आणि तो मला आवरेल म्हणून हसत थांबले.

तो म्हणाला, "विचार आई. आता चालेल. मी आता आतला नाही."

मला आधी वाटलं, दुसरी नोकरी धरली. मी तसं म्हटलंही. "नाही गं," तो म्हणाला, "काढलं. तू नारळीभात केलास ना, त्या दिवशी सकाळी मेल आली."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले असेन. तोच मला समजावत होता, की पैसे आहेत, तिथे राहायचा कायमचा परवाना आहे, लगेच देश सोडावा लागणार नाही, मिळेल काहीतरी. परवाना आहे म्हटल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. नसता तर बरं झालं असतं, असं आलं. मग घरी तरी आला असता. आईच्या मनात असं यावं याची मला लाज वाटली, पण आलं खरं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू किती खूष होतीस आई. रोज फोन करत होतीस."

दुसऱ्या संध्याकाळी बाजार उघडला तसे मी सगळे शेअर विकले. घेताना इतकं सव्यापसव्य, विकायला दोनदा बोट लावलं की झालं. नफा पुष्कळ दिसत होता आणि तो बघून मला शिसारी आली. माझ्या पोराला द्यायचा पगार कंपनीने वाचवला आणि त्यातले चार पैसे मला दिले. त्याची नोकरी गेली म्हणून माझे पैसे वाढले. मुदत ठेवीचं व्याज खाऊन मी पंधरा जन्म काढले असते तरी ही वेळ आली नसती. म्हसळ्याचे गृहस्थ म्हणाले, "बाई, थांबायचं होतं की! अजून चढेल." यावेळी मी त्यांना चांगलंच झापलं. बिचारे मुकाट्याने कर किती बसेल ते काढायला लागले.

विकल्याचं मुलाला लगेच सांगणार होते. फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आई, एक मात्र बरं झालं. तुझे पैसे तरी वाढले. तेवढं तरी माझ्यामुळे झालं ना?" त्याचा आवाज लहानपणी बक्षीस दाखवायला यायचा तेव्हासारखा होता. मी म्हटलं, "झालं की."

विकल्याचं सांगायचं राहिलं ते राहिलंच. मग भाव उतरायला लागला. आधी थोडा, मग भराभर. आणि आता फोन तोच करायला लागला. माझी दिवेलागण होते न होते तोच.

"आई, बघितलंस? विकून टाक."

"बघते."

"बघते काय! एकाच कंपनीत सगळं ठेवायचं नसतं गं. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. शेअरवर जीव लावायचा नसतो."

"तुझे आजोबा पडत्या भावात सुपारी कधी विकत नसत," मी म्हणते.

"ही सुपारी नाही आई!"

मग तो मला सगळं पहिल्यापासून समजावतो. अर्जांना उत्तरं येत नाहीत हेही मधेच सांगून टाकतो. आदल्या दिवशी काय शिजवलं ते सांगतो. काल दिवसभर कुणाशी बोललो नाही, तूच पहिली, असंही एकदा म्हणाला. मी हो ला हो न करता ऐकते. त्याचा राग चढला की मला बरं वाटतं, कारण रागावलेला माणूस फोन लवकर ठेवत नाही. माझे शेअर नाहीत, पैसे केव्हाच बँकेत येऊन पडलेत, तरी मी सातला तो आकडा बघते. तो विचारेल तेव्हा मला माहीत असायला हवा.

हे बरोबर नाही हे मला कळतं. त्याने माझ्यापासून नोकरी गेल्याचं लपवलं म्हणून मी किती दुखावले होते, आणि आता मी हे काय चालवलंय? काल मी सांगायचंच असं ठरवून बसले होते. दिवा लावला, फोन आला, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि "अरे, ऐक" एवढं म्हणालेही. पण तो त्याच्याच तंद्रीत होता.

"आज नको ऐकूस माझं," तो म्हणाला. "मी उद्या परत करतो फोन. तुला पटेपर्यंत रोज करणार आहे, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "कर. मला अजून काही पटलेलं नाही."