पुंगळी लावलेला पाडवा

माझ्या शेजारी गुंडूतात्या गवळी राहतो. वर्षातून दोनदा तरी मी त्याच्याशी भांडते, एकदा म्हशीच्या शेणावरून आणि एकदा असंच. आवाज तर असा, की त्यानं शनिवार पेठेत हाक मारली तर पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणारी बाई वळून बघेल. आणि हाच माणूस आमच्या गल्लीत शांतता आणायला निघाला होता.

कारण त्याची बायको, बाळावहिनी. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला मोठा आवाज सोसत नाही. गणपतीत गल्लीतल्या तालीम मंडळासमोर साउंडच्या भिंती लागल्या, की आमची मांडणीवरची भांडी नाचायची आणि वहिनी छाती धरून बसायची. मग तात्या तिला मुरगूडला भावाकडं पोचवून यायचा. सणाला लोक घरी येतात, ही घर सोडून जायची. तिची पिशवी दाराजवळच्या खुंटीला कायम भरलेली असायची. ती पिशवी बघितली, की माझं डोकं फिरायचं.

गेल्या वर्षी तात्या घरोघर फिरला. कुणाच्या हातापाया पडला, कुणाला शिव्या घातल्या आणि शेवटी तालमीला भिंती बंद करायला लावल्या. हलगी-घुमकं वाजवत गणपती गेले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. वहिनीला मात्र शेवटपर्यंत भरवसा वाटला नव्हता. ती मुरगूडलाच होती.

गणपती झाल्यावर तालमीत बैठक बसली. पोरांचा म्होरक्या सम्राट उठला. "तात्या, आमचा साउंड बंद केलासा. बरं झालं. आणि पाडव्याला तुमची पुंगळी काढल्याली गाडी कुणी बंद करायची?"

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, कपाळावर कवड्या, पायात घुंगरं. मालक पुढं मोटारसायकलवर आणि म्हैस त्याच्या मागं. गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी मुद्दाम काढलेली असते, कारण म्हशीला लहानपणापासून त्याच फटफटाटाची सवय लावलेली असते. गल्लीत सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी गाडी तात्याची. त्या दिवशी त्याची स्वतःची बायको कानात कापूस घालून मागच्या खोलीत! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तात्या लालबुंद होऊन उठला. "पुंगळी लावून माझ्या बिजली म्हशीला पळवून दाखवतो. न्हाय पळाली, तर फुडच्या गणपतीला भिंती लावा. मी तोंड उघडणार न्हाय."

मी कपाळावर हात मारला. बायकोच्या जिवाची पैज कुणी म्हशीवर लावतं का?

गॅरेजवाले इमामभाई आजवर पेठेतल्या पुंगळ्या काढूनच देत आलेले. तात्याची बसवताना म्हणाले, "काढाय समदी येत्यात, तात्या. बसवाय आल्यालं तुम्हीच पहिलं."

मग रोज सकाळी तात्या गाडी घेऊन घाटाच्या रस्त्याला. गाडी पुढं जायची, बिजली ढिम्म उभी. पेंडीची बादली मागं बांधली, तर पेंड फस्त करून तिथंच रवंथ. शिट्टी वाजवली, तिनं शेपटी हलवली. घरी येऊन तात्या म्हणायचा, "पळंल, पळंल." वहिनी धार काढताना म्हशीलाच विचारायची, "खरंच पळशील का गं बाय?" वहिनी बोलल्याशिवाय बिजली पान्हा सोडत नाही. तात्यानं घसा कोरडा केला तरी चरवी रिकामी.

पाडव्याला गल्ली गच्च भरली. तात्याची पैज बघायला बाकीच्या गवळ्यांनी आपापल्या गाड्या बंद ठेवल्या होत्या. सम्राट मोबाईल धरून पुढंच उभा. तात्यानं किक मारली, गाडी गुरगुरली आणि पुढं गेली. बिजली जागची हलली नाही. तात्या वळून आला, परत गेला, परत आला. पोरं हसायला लागली. तात्याचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात दारात वहिनी दिसली. इतक्या वर्षांत पाडव्याला तिला मी दारात पाहिलं नव्हतं. आवाज नाही म्हणून कापूस काढून बाहेर आली होती. नवऱ्याची फजिती बघून तिला राहवलं नाही.

"अगं बिजले, बघत काय हुबारलीयास? चल की बाय!"

म्हशीचे कान उभे राहिले. ती निघाली, पण सरळ वहिनीकडं.

"वहिनी, गाडीवर बसा!" इमामभाई ओरडले.

"ह्या वयात?" म्हणत वहिनी बसलीसुद्धा, मागं तोंड करून. "ये गं बाय, ये!" तात्यानं गाडी अगदी बेतानं सोडली आणि बिजली धावली. घुंगरं वाजली. सगळ्या गल्लीला ऐकू आली. तात्या गाडीवरूनच ओरडला, "आयला, वाजत्यात की ही! आजवर नुसती बांधत आलोय!" सम्राटनं मोबाईल खिशात घातला आणि टाळ्या वाजवल्या. मी रडले. लपवत नाही.

यंदाच्या गणपतीत वहिनीचा भाऊ मुरगूडहून इकडं आला. हलगी दारावरून गेली, तेव्हा बहीणभाऊ उंबऱ्यात बसून लाडू खात होते. खुंटीवर पिशवी दिसली आणि माझं डोकं फिरलंच. "अजून भरलेलीच ठेवलीस होय गं?"

"बघ की उघडून," ती म्हणाली.

आत बिजलीची घुंगरं होती.