राखडीनं घासलेलं बोनेट

धानाच्या पट्ट्यात राहून काळी गाडी घेणं हा माझा पहिला मूर्खपणा. मळणीच्या दिवसांत आमच्या सानगडीत कोंडा जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असतो, आणि काळ्या रंगावर त्याचा कण न् कण दिसतो. हे सगळ्यांनी सांगितलं होतं. पण मी इंग्रजी शाळेत शिकलेली, सगळं इंटरनेटवर वाचून ठरवणारी. घरच्यांचं ऐकण्याआधी मी परक्या देशातल्या अनोळखी माणसांचं ऐकते. ती माणसं म्हणत होती, काळ्या रंगाला खोली असते.

गाडी जुनीच होती, एका शिक्षकांकडून घेतलेली. साकोलीच्या माझ्या नोकरीतून मी घेतलेली पहिली मोठी वस्तू. दसऱ्याला मोठ्या आईने तिची पूजा केली. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमची दोन घरं आणि मधे एकच अंगण. तिने तेलात शेंदूर कालवून बोनेटवर ठळक स्वस्तिक काढलं, आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले. बाहेर आले तर मोठी आई पदर खोचून बोनेट घासत होती. हातात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, बोळा आणि बाजूला टोपल्यात धानाच्या कोंड्याची राखड. याच राखडीने ती पाण्याचा पितळी गुंड असा घासते की त्यात तोंड दिसतं.

"शेंदूर निघतच नव्हता वं," ती म्हणाली. "आता पाय, कशी चमकते तं."

बोनेट ओलं होतं, त्यामुळे चमकत होतं. मी म्हणाले, "थँक यू." आमच्या शाळेने दिलेला हा एक शब्द मी संकटात नेहमी वापरते.

वाळल्यावर उन्हात पाहिलं. सगळ्या बोनेटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे गोल गोल ओरखडे आणि मधोमध, जिथे स्वस्तिक होतं तिथे, पांढुरकं धुकं. मी कोणाला काही बोलले नाही. मोठ्या आईने ते माझ्यासाठी केलं होतं, आणि ज्या बाईने मला अंगाखांद्यावर खेळवलं तिला 'तू गाडी खराब केलीस' असं सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. नव्वद टक्के गोष्टी सांगण्याची हिंमत माझ्यात नसतेच.

हे असंच राहिलं असतं. पण मोठ्या आईच्या मुलाचं माघातलं लग्न ठरलं, आणि तिने परस्पर जाहीर करून टाकलं की नवरदेव माझ्याच गाडीत बसणार. वरात नाकाडोंगरीला जायची होती. तिथे नवरीकडची माणसं बोनेटवर फुलं बांधायला येणार, कोणीतरी विचारणारच, 'अरे, हे काय झालं?' आणि तिला राखडीने घासताना पाहिलेले माझे वडील हसत हसत सगळी गोष्ट सांगणार. त्यांच्या पोटात काही राहत नाही. भर मांडवात, नव्या व्याह्यांसमोर, मोठी आई राखडीवाली ठरणार. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. तिला कळायच्या आत, कोणाला दिसायच्या आत बोनेट नीट करायचं, असं मी ठरवलं.

मी व्हिडिओ पाहायला घेतले. पंधरा दिवसांत मला पॉलिशिंग मशीनबद्दल इतकं कळलं की परीक्षा असती तर पहिली आले असते. एक मशीन नुसती गोल फिरते. ती ओरखडे लवकर काढते, पण एका जागी क्षणभर जास्त थांबली तर रंग जाळते. दुसरी फिरता फिरता थरथरते. ती हळू काम करते, पण नवशिक्याला माफ करते. मला माफ करणारी हवी होती, हे स्पष्टच होतं.

ऑनलाइन मागवली असती तर बरं झालं असतं. पण पार्सल घेऊन येणारा आमच्या घरी कोणी नसलं की ते मोठ्या आईकडे ठेवतो, आणि ती ते उघडून ठेवते, आपल्याला त्रास नको म्हणून. तेव्हा मी साकोलीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"काय पाहिजे, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"पॉलिशची मशीन."

"कशाले? फरशीले का फर्निचरले?"

माझ्या मागे दोन माणसं उभी होती. त्यातले एक वडिलांच्या ओळखीचे. 'गाडीला' म्हटलं असतं तर कोणती गाडी, काय झालं, कधी झालं, आणि संध्याकाळपर्यंत ते सानगडीत.

"फर्निचरला," मी म्हणाले.

"भावाले पाठवा ना. हातात धरून पायला लागते."

"भावानेच सांगितलंय."

मला सख्खा भाऊ नाही. जो चुलत भाऊ आहे, तो तेव्हा लग्नाच्या शेरवानीत गुंतला होता. दुकानदाराने एक जड, निळी मशीन काउंटरवर ठेवली. ती गोल फिरणारी आहे हे मला बघताच कळलं. दोन आठवड्यांचा अभ्यास होता माझा. ते सगळं ज्ञान माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं आणि मागची दोन माणसं माझ्या पाठीकडे बघत होती. मी मशीन घेतली आणि "थँक यू" म्हणून बाहेर पडले.

घरी कोणी नसताना मी ती माझ्या लोखंडी कपाटावर चालवून पाहिली. म्हटलं, आधी सराव. मशीनने मला ओढलं, मी मशीनला ओढलं, आणि दाराच्या काठावरचा रंग जळून खाली पत्रा दिसायला लागला. खोलीत वास भरला. मी दुकानात अगदीच खोटं बोलले नव्हते, एवढंच समाधान. मशीन फर्निचरलाच लावली होती. संध्याकाळी आईने विचारलं, "कपाटाले काय झालं?" मी तिथे कॅलेंडर टांगलं.

लग्नाला नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन पुन्हा दुकानात गेले. बाहेर गाडीतच बसून राहिले, गिऱ्हाईक संपायची वाट बघत. गिऱ्हाईक संपेना. शेवटी आत शिरले आणि तीन माणसांच्या देखत म्हणाले, "ही मला गाडीसाठी हवी होती. मीच चालवणार आहे. भाऊ वगैरे नाहीये."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "मंग असं सांगायचं ना, ताई. गाडीले हे लावते का कोणी? रंग जाळून टाकते."

"हो," मी म्हणाले. "कळलं मला."

"कुठं कळलं?"

"कपाटावर."

एक म्हातारे गिऱ्हाईक खिळे निवडता निवडता हसले. जीव जाईल असं वाटलं होतं, पण गेला नाही. दुकानदाराने आतून धूळ बसलेला एक खोका आणला. हायवेवर गाड्या धुण्याचं दुकान काढणाऱ्या कोणीतरी तो मागवला आणि न्यायला आलाच नाही. त्याने ती मशीन सुरू करून काउंटरवर टेकवली.

"दाबा," तो म्हणाला.

मी दाबली. फिरणं मंदावलं आणि थांबलं. नुसती थरथर उरली.

"पाहा. जास्त जोर लावला का हे स्वतःच थांबते. भांडत नाही."

मी दोन्ही मशिनी आळीपाळीने उचलून पाहिल्या, मूठ हातात बसते का ते पाहिलं, पहिल्यांदा न लाजता प्रश्न विचारले. बॅटरीवाली का नको? कारण मधेच संपते. पुढे लावायचा फोम कोणता? मऊ. ओरखडे सगळे जातील का? वरवरचे जातील, खोल गेलेले राहतील, आणि ते काढायच्या मागे लागू नका. म्हातारे म्हणाले, "हलकीच घे बाई, हात दुखन." मी हलकी घेतली. दुकानदाराने जडवाली परत ठेवून घेतली.

रविवारी मोठी आई आंबागडच्या माहेरच्या नातेवाइकांना पत्रिका द्यायला जाणार होती. त्या सकाळी मी बोनेट धुतलं, मधोमध कागदी टेप चिकटवली आणि एका बाजूला पॉलिशचं क्रीम लावून काम सुरू केलं. आडवे पट्टे, मग उभे पट्टे, अगदी हळू. तासाभराने निळ्या, मऊ फडक्याने पुसून पाहिलं. टेपच्या डावीकडे काळं, खोल पाणी. उजवीकडे कोळ्याचं जाळं. मी इतकी खूश झाले की फोटो काढायला वाकले, आणि त्या काळ्या पाण्यात मला मोठी आई दिसली.

बस चुकली होती. ती पिशवी घेऊन माझ्या मागे उभी होती.

मी टेपवर हात ठेवला, जणू त्याने अर्धं बोनेट झाकलं जाणार होतं.

"इकडचं माया हातचं," ती उजवीकडे बोट करून म्हणाली.

"नाही, मोठी आई, ते जुनंच..."

"गप वं. डोळे नाईत का मले? दसऱ्याच्या तिसऱ्याच दिवशी दिसलं." तिने पिशवी खाली ठेवली. "मले वाटलं, तुले नाई दिसलं. म्हणून मी सगळ्याले सांगून ठेवलं का त्या मास्तरनं खराब गाडी देली पोरीले."

"सगळ्यांना?"

"नाकाडोंगरीवाल्याइलेही. ते पत्रिका घ्यायले आले होते ना, तवा."

म्हणजे तीन महिने आम्ही दोघी एकाच अंगणात एकमेकींपासून तेच बोनेट लपवत होतो, आणि बदनाम झाले ते शिक्षक. मी हसले. ती नाही हसली. तिने मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हे राखड नाई ना लावत?"

"लावतं. हे क्रीम म्हणजे राखडच, पण फार बारीक."

"मंग मी बारीकच चाळून घ्यायची होती," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून राहिली, उरलेली बाजू पूर्ण होईपर्यंत. मधे दोनदा म्हणाली की इथं सुटलं. दोन्ही वेळा सुटलं होतं.

मधोमधलं धुकं बरंच गेलं, सगळं नाही. अमुक एका कोनातून पाहिलं तर स्वस्तिकाचा एक हात अजून दिसतो. दुकानदाराने सांगितलं होतं, म्हणून मी त्याच्या मागे लागले नाही.

वरातीच्या सकाळी मोठी आई ताट घेऊन आली. तेल, शेंदूर, सगळं होतं त्यात. नवरदेव मागे उभा, वाजंत्री तयार, अंगणात पन्नास माणसं. मी तोंड उघडलं. रविवारपासून मी ते वाक्य घोकत होते.

"मोठी आई, काचेवर काढ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिने वाकून समोरच्या काचेवर खाली कोपऱ्यात लहानसं स्वस्तिक काढलं. शेंदराचा एक थेंब बोनेटवर पडला. तिने कमरेला खोचलेलं फडकं काढून तो हळूच टिपला, घासला नाही. ते माझं निळं, मऊ फडकं होतं. ते मी चार दिवसांपासून शोधत होते.