शेणाच्या खड्ड्यातली सायकल

मुलगा झाला होता. मी नाळ कापली, लेकरू पुसलं, बाळंतिणीला स्वच्छ केलं आणि मागच्या दाराने बाहेर आले. हात धुवायला पाणी मागितलं. मालकाच्या बायकोने लांबून, वरून, बारीक धार सोडली. धुतलेलं पाणी आपल्या पायावर उडू नये म्हणून ती धार सोडता सोडता मागे सरकत होती. सकाळपासून तिच्या सुनेच्या अंगात माझा हात होता. तिथं विटाळ नव्हता. आता होता.

गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं. सायकल नव्हती.

"माही सायकल?" मी विचारलं.

मालक अंगणात बाजेवर बसला होता. नातू झाला म्हणून गूळ वाटणं चाललं होतं. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा हक्क, सरकारने काढून घेतली होती, पण गाव त्याला मालकच म्हणायचं. आम्हीही. त्याने बसल्या जागेवरून खताच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"गोठ्याले टेकवली होती तुनं. बाटवली भिंत. जाय, काढून घे."

भादवा होता. खड्डा काठोकाठ भरलेला. शेण, गुरांचं मूत, धानाच्या पेंढ्याचं कुजलेलं तणीस, पावसाचं पाणी. हँडलचं एक टोक तेवढं वर दिसत होतं. मी लुगडं खोचलं आणि आत उतरले. गुडघ्यापर्यंत वाटलं होतं, कमरेपर्यंत गेलं. सायकल ओढली तर येईना. पाय सटकला, मी तोंडावर पडले. शेण नाकात, डोळ्यांत, तोंडात.

ओसरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. काठावर मालकाचा गडी गूळ खात उभा होता. आणि मालक म्हणाला, "पाहा रे, दाईची सायकल बाळंत होऊन रायली!"

सगळे हसले. आतून ते नवं लेकरू रडत होतं. त्याचा पहिला श्वास मी काढून दिला होता.

सायकल ओढून बाहेर आणली तेव्हा मालकाने विचारलं, "आता समजलं का व, सायकल कुठं ठेवाची ते?"

मी म्हणाले, "हो जी."

हे "हो जी" मला आजवर पचलेलं नाही. शेणाची किळस मला कधीच आली नव्हती. जन्मभर शेण उचललं, थापलं, त्याच्यावर भाकर भाजून खाल्ली. शेण धुतलं की जातं. ते "हो जी" तोंडातून गेलं नाही. त्या दिवशी सायकल ढकलत गावाबाहेर आले आणि शेताच्या एका धुऱ्यावर, बांधावर, बसून ओकले. पोटात काही नव्हतं. तरी ओकत राहिले.

ती सायकल माझ्याकडे कशी आली ते सांगते.

आम्ही गोंदियाजवळच्या मुर्रीला राहायचो. नवरा गोंदियात भातगिरणीत हमाल होता. सासू जुनी दाई. तिचं पाहून मी शिकले, मग सरकारी दवाखान्यात सहा महिने शिकवणी झाली, दाई म्हणून पगारावर घेतलं आणि मला पत्र्याची पेटी मिळाली. कात्री, दोरा, साबण, औषधाची बाटली. सात गावं मिळाली. सात गावं पायी. मुरमाचा रस्ता, पावसात तोही नाही, धानाच्या बांध्यांतून चिखल तुडवत जायचं.

एकदा पोचले तेव्हा बाई गेलेली होती. रक्त जाऊन. तिचा नवरा दारात बसला होता. मला म्हणाला, "आत्ताच गेली व. तुही वाट पाहून पाहून." त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, सायकल पाहिजे. तो हसला नाही. खिशातले पैसे काढून मोजले. मग म्हणाला, "नवी तं नाई जमत. करीमभाईले विचारू."

गोंदियाच्या बाजारात करीमभाई मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर टिनाचा पत्रा. तो तासावर भाड्याने सायकली द्यायचा आणि मोडक्या जोडायचा. माझं ऐकून तो म्हणाला, "बाई, नई लेने के लिए पैसा जोडोगी तो बूढी हो जाओगी. एक एक पुर्जा ले जाओ. पहले फ्रेम."

फ्रेम घेतली. कुठल्यातरी टकरीत मोडलेली, मधे जोड दिलेली. नवऱ्याने ती खांद्यावर टाकून मुर्रीला आणली. दोन महिने ती आढ्याला टांगलेली होती. शेजारची माणसं येऊन विचारायची, "हे कायचा सांगाडा हाय?" मग एक चाक आलं, दूधवाल्याच्या सायकलीचं. मग दुसरं, पुढचं, त्याहून जरा लहान. सायकल पुढे झुकल्यासारखी दिसायची. टायर फाटलं होतं तिथं करीमभाईने आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला. घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही. ब्रेक एकच. सीटवर कातडं नव्हतं. मी पोत्याचं गोणपाट चौघडी करून शिवलं. शेवटी पेटी बांधायला कॅरियर आलं तेव्हा वर्ष होत आलं होतं. करीमभाईने हात पुसत सांगितलं, "किसी से मांग के नहीं ली. ये तुम्हारी है."

उन्हाळ्यात आमच्या वस्तीमागची बोडी, म्हणजे लहान तलाव, पार आटायची. त्या सुकलेल्या तळात मी सायकल शिकले. सायकल मर्दानी, मधे दांडी. आधी कैंची मारून, दांडीखालून पाय घालून. नवरा गिरणीत जायच्या आधी कॅरियर धरून मागे धावायचा. मी पडायची. भेगाळलेली माती दगडासारखी लागायची. काठावर बाया, म्हातारे जमायचे. एक म्हातारा म्हणाला, बाईमाणसाने असं टांग टाकून बसावं काय?

सासूने त्याला तिथंच ऐकवलं. "सात गावं पायी हिंडून माह्या टांगा गेल्या, तवा कोनी नाई बोललं. आता कायले बोलता?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बस तू."

नऊवारीचा काष्टा घट्ट मारून मी दांडीवरून पाय टाकला. आठव्या दिवशी नवऱ्याने हात सोडला. मला ते कळलंच नाही. बोडीच्या पार त्या टोकाला गेल्यावर मागे पाहिलं, तर तो दूर उभा राहून कमरेवर हात ठेवून हसत होता.

अशी ती सायकल. ती त्याने शेणात टाकली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने एकेक भाग सुटा करून धुतला. चाकांच्या छर्ऱ्यांत शेण गेलं होतं, चेनीत तणीस अडकलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, फक्त "हो जी" सांगितलं नाही. सासूला मात्र समजलं असावं. ती म्हणाली, "मीबी त्याच मागच्या दारानं गेली व, चाळीस वर्सं. उतरलेलं लुगडं देत, शिळा भात देत. मी घेत होती." आणि तिने तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत तिने त्या घरातली किती लेकरं काढली असतील. हा मालकही तिच्याच हातावर झाला होता.

पुढल्या साली धान कापणी चालू होती. सकाळी मालकाचा तोच गडी धावत मुर्रीला आला. धापा टाकत होता.

"लवकर चाल. बाळंतपणाले आलेली मालकाची लेक अडली. पहिलटकरीन हाय. कालपासून कळा देऊन रायली. लेकराचा पाय बाहेर आला म्हणतेत."

मी पेटी कॅरियरला बांधली आणि निघाले. गडी मागे राहिला. रस्ताभर मी एकच गोष्ट बोलत होते, मोठ्याने, स्वतःशी. आज "हो जी" नाही.

मालकाच्या गल्लीच्या तोंडाशी तो स्वतः उभा होता. सोबत गावातली दोन माणसं.

"उतर," तो म्हणाला. "सायकल इथं ठेव. पायी ये. मागून."

मी एक पाय जमिनीला टेकवला. दुसरा पायडलवर. सीटवरून उठले नाही.

"कायले?"

माझ्या तोंडून हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता.

"कायले म्हणते? माह्या घरापुढं महारीन सायकलीवर बसून येईन काय?"

घरातून किंकाळी आली. लांब, फाटकी. त्या पोरीला मी पाहिलंही नव्हतं.

मी म्हणाले, "मालक, मी येईन तं सायकलीवर येईन. समोरून येईन. सायकल तुमच्या ओसरीले टेकवीन. कोनी हात लावला तं मी तशीच उठून जाईन."

पुन्हा किंकाळी. आणि तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पोटची लेक ओरडत होती आणि हा माणूस घराकडे पाहत नव्हता. तो त्या दोन माणसांकडे पाहत होता. महारणीने काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं का, हे पाहत होता. लेक मेली तरी चालेल, पण गावाने ऐकलेलं चालणार नव्हतं. मला इतकी घाण कधी वाटली नव्हती. खड्ड्यातसुद्धा नाही.

मालकाची बायको धावत बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता.

"येऊ द्या ना तिले! पोरगी मरून रायली माही!"

मी पायडल मारलं. तो बाजूला झाला, चाक जाईल एवढाच.

ओसरीच्या भिंतीला सायकल टेकवली. पुढच्या दाराने आत गेले. पोरगी पांढरी पडली होती. ओठ चावून रक्त काढलं होतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता मी आली. माह्याकडं पाहा."

दुपार झाली. मुलगी झाली, पायाकडून, निळी. रडेना. मी तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं. एकदा, दोनदा, किती वेळा आठवत नाही. माझा श्वास तिच्या छातीत गेला. मग ती रडली. मालकाची बायको हे सगळं पाहत होती. तिने हात जोडले, ती रडली, मला माय म्हणाली.

आणि बाहेर आल्यावर तिने पाण्याचा लोटा घेतला आणि वरून, लांबून धार सोडली.

मी हात मागे घेतले. "लोटा खाली ठेवा," मी म्हणाले. "मी घेईन."

ती उभी राहिली. लोटा हातात. ठेववेना तिला. आत्ताच मला माय म्हणालेली बाई. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, माझी कीव होती. असं कसं होतं ते मला अजून समजत नाही. मग तिने सूप पुढे सरकवलं. तांदूळ, वर जुनं लुगडं.

"हे ठेवा तुमच्यापाशी. मले पगार हाय."

रक्ताच्या हातांनीच मी हँडल धरलं. समोरच्या गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, सायकलीवर बसून गेले. हात नाल्यावर धुतले.

महिन्याभरात दवाखान्यात मालकाचा तक्रारीचा अर्ज आला. दाई उद्धट आहे, अडलेल्या बाईच्या जिवावर सौदा करते. डॉक्टरांनी वाचून दाखवला आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हणाले. मग खड्ड्याचंही सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

माझी बदली झाली. पार तिकडे, बोदलकसाच्या तलावाकडे. नवऱ्याची गिरणी सुटण्यासारखी नव्हती, सासू हलण्यासारखी नव्हती. दोन वर्षं मी तिथं एकटी राहिले. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायांची बाळंतपणं केली, मासे खाल्ले, डोंगराच्या रस्त्यावर सायकल हाणली. तिथंही गावं होती आणि गावांत गल्ल्या होत्या. आमची माणसं तिथंही खालमानेने पायी चालत होती. आमच्या वस्तीतल्या दोघी पोरींना मी सायकल शिकवली. त्यांच्या बापांनी आधी मला शिव्या घातल्या.

पुष्कळ लोक मला ही गोष्ट विचारतात आणि ऐकून खूश होतात. मालकाला कसं उतरवलं म्हणतात. मी खूश नाही. त्या अर्जात एक गोष्ट खरी होती आणि ती मला अजून टोचते. गल्लीच्या तोंडाशी मी थांबले होते. थोडाच वेळ, पण थांबले. ती पोरगी ओरडत होती आणि मी तिच्या बापाशी बोलत होते. तिने माझं काही केलं नव्हतं. त्या माणसाने मला अशा जागी आणून उभं केलं की माझी इज्जत आणि एका बाईचा जीव, दोन्ही एकाच ताजव्यात पडले. माफ करायला लोक सांगतात. मी करत नाही. खड्डा एक वेळ सोडून देईन. हे सोडणार नाही.

त्या दिवसापासून एक ठरवलं आहे आणि ते मोडलेलं नाही. कोणी "उतर" म्हणालं तर मी उतरत नाही. थांबतही नाही. कायले म्हणून विचारतही नाही. आत कोणी बाई अडलेली असते. समोर माणूस उभा असला तर हटणं त्याचं काम. मी पायडल मारते.