माठावरची रेकॉर्ड

आमच्या अण्णाकाकांनी सत्तरच्या दशकात इंग्रजी गाण्यांची रेकॉर्ड काढली होती, यावर आमच्या घरात फक्त अण्णाकाकांचाच विश्वास होता.

कॉलेजात असताना काढलेली. सायकेडेलिक रॉक! (म्हणजे एका बाजूला एकच गाणं, आणि तेही संपता संपत नाही.) पुढं ती हरवली. लग्न झाल्यापासून काका तिच्याबद्दल सांगायचे आणि काकू मेथी निवडता निवडता म्हणायच्या, "थापा!" काका हसायचे, पण चेहरा उतरायचा. मला फार वाईट वाटायचं.

यंदा मे महिन्यात खर्ड्याला आत्याकडं गेलो. पाणी प्यायला माठ उघडला, तर झाकणावर काकांचं नाव!

"आत्या, ही रेकॉर्ड आहे!"

"आसंल. अण्णाच हितं इसरून गेल्ता. मधी भोक हाय, बोट घालून उचलाया लई सोईचं!"

झाकण गाडीत मागच्या काचेपाशी ठेवलं आणि ऐटीत निघालो. वाटेत रसवंती लागली. दोन ग्लास रस पिऊन येतो तो काय, रेकॉर्डचा तळलेला पापड! सावेडीत घरी पोचताच ती गादीखाली घातली आणि दुपारभर वर लोळलो. (आमच्या पँटींना अशीच इस्त्री व्हायची.) पापडाची कुरडई झाली!

संध्याकाळी काकांनी शेजारच्यांचा प्लेअर आणला. काकू हाताची घडी घालून समोर बसल्या. सुई टेकली. व्यांऽऽव! घर्रर्र!

"माफ करा काका, इथं वाकलीय!"

"गप! ती माझी गिटार आहे."

मग एक खोल, गूढ हुंकार आला. मी डोळे मिटून मान डोलावली. "व्वा काका!"

"गधड्या, हे वाकलंय!"

काकू उठल्याच. "नाव काय, कुनाचंबी आसंल. ह्यात तुमी कुठं हायेत?"

काकांचा चेहरा पुन्हा उतरला. तेवढ्यात रेकॉर्डमधून आलं, "आँ... आँऽऽ... आक्छिर्राम!"

मी ओशाळून सुई उचलायला धावलो. काकूंनी फाडकन हातावर मारलं.

"ऱ्हाऊ दे! शिंक ह्यांचीच हाय!"

"स्टुडिओत फार धूळ होती गं," काका म्हणाले आणि चक्क रडायला लागले. काकूही पदर डोळ्यांना लावून हसत होत्या.

आता पाहुणे आले की काकू स्वतः ती शिंक ऐकवतात. कुणीतरी विचारतंच, "आणि मधे ते रेडा हंबरल्यासारखं कोण गातंय?"

"त्यो आमचा पुतन्या," काकू माझ्याकडं बोट दाखवतात. "गायला न्हाई काही. नुसता वर लोळला हुता!"