हेक्टरचा हिरवा डब्लेट

टॉर्मड गेल्याचा फोन आला आणि आमच्या घरात भलताच गोंधळ सुरू झाला. त्याची बायको मॉर्व्हन म्हणाली, थडग्यापाशी बॅगपाइप हेक्टरनंच वाजवायचा. एवढंच. काय घालून यायचं ते काही बोलली नाही, आणि आमच्या नवरोबांना तेच सुचेना.

आमच्या ओबन गावात कुणालाही विचारा, हेक्टर म्हणजे काळा डब्लेट, तो पायपरांचा घट्ट कोट, चांदीची बटणं, गावचा बँड. त्याआधी तो पलटणीत पायपर होता हे आता फार थोड्यांना आठवतं. तिथला डब्लेट हिरवा, खांद्यांवर पंखांसारख्या पट्ट्या. हेक्टरचा स्वतःच्या खर्चानं शिवलेला, म्हणून तो घरी आला. टॉर्मड तिथला त्याचा जिवलग. हेक्टरनं पलटण सोडून गावचा बँड धरला, तेव्हा पहिल्याच कार्यक्रमात त्याचा काळा डब्लेट बघून टॉर्मडनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, काय वेटर, सूप कधी आणतोस? लोक हसले. हेक्टर हसला नाही. तेव्हापासून बोलणं बंद. दोघांपुढे डोकं आपटून मी थकले, पण एकही मेला हलेल तर शपथ.

आता काळा घालावा तर वेटरच पोचवायला आला असं व्हायचं. हिरवा घालावा तर, पलटण सोडून आलेल्यानं तो घातलेला टॉर्मडला चालला असता का? ज्याला विचारायचं तोच पेटीत. हेक्टर सकाळी लापशी निववत बसला. मध्येच काळ्याची बटणं पुसे, मध्येच उठून कपाटापर्यंत जाई आणि परत येई. त्याचं बघून माझंही डोकं चालेना. घटकेत काळा बरा वाटे, घटकेत हिरवा.

शेवटी वैतागून म्हटलं, थांब, हिरव्याचा प्रश्नच मिटवते, जरा पोट बघ स्वतःचं. तो कपाटातून काढून त्याच्या अंगात चढवला, बटणं लावली. लागली की! मग म्हटलं, आता छाती भरून श्वास घे, कारण पायपरचा डब्लेट तसाच बघावा लागतो. त्यानं छाती फुगवली. एकही बटण ताणलं नाही.

मी चक्रावलेच. ह्या माणसाचं पोट माझ्या डोळ्यांदेखत सुटलं, पण कापड कसं सुटलं? डब्लेट उतरवून उलटा केला. बगलेखालच्या शिवणी उसवून उसवून आतली सगळी माया मोकळी केलेली, पार कडेपर्यंत. टाके जाडेभरडे, सैनिकाचे. दोरा दर खेपेला निराळ्या हिरव्याचा.

"हे कधी केलंस?"

"तू बाजारात गेलीस की," तो म्हणाला. "टॉर्मड कधीतरी बोलवेल असं वाटायचं गं. त्यानं बोलावलं आणि हा अंगात शिरलाच नसता तर?"

मी इस्त्री तापवली.

थडग्यापाशी त्यानं पाइप सुरेख वाजवला. मग मॉर्व्हन जवळ आली आणि त्याच्या हिरव्या बाहीवरून हात फिरवत राहिली.

"तुला बोलवायचं तो कितीदा ठरवायचा रे," ती म्हणाली. "आणि मग म्हणायचा, हेक्टरचा हिरवा आता त्याला होत नसेल. उगाच त्याला कशाला लाजवायचं?"

हेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. हसावं की रडावं ते त्याला कळत नव्हतं, आणि मला तरी कुठे कळत होतं. घरी आल्यावर मी त्याच्या गळ्याचं बटण काढायला गेले, तर त्यानं माझा हात धरला. राहू दे थोडा वेळ, म्हणाला, आणि तसाच जेवायला बसला.