चारने भागलेलं पाणी

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात सौदीतला प्रत्येक माणूस क्षेपणास्त्रांसाठी आकाशाकडे बघत होता, आणि आकाशातून पडल्या गारा. आमच्या अल खर्जच्या डेअरीवर एका गाईच्या डोक्यात अशी एक गार बसली की ती पुढे आठवडाभर फक्त उजवीकडे वळत होती. थंडी म्हणाल, तर सकाळी नळ सोडला की पाण्याऐवजी बर्फाची काठी बाहेर यायची. ती मोडून बादलीत उभी करायची, बादली उन्हात ठेवायची, आणि दुपारी अंघोळ. विषारी गॅसच्या भीतीने कंपनीने आमच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून वर चिकटपट्टी मारली होती. गॅस काही आला नाही, पण वाराही आत येईना. त्यामुळे आमच्या खोलीत युद्धाविषयी एकंदरीत बरं मत होतं.

मी पंपांवर इलेक्ट्रिशियन होतो. पण आवाज मोठा. इतका मोठा, की मी गोठ्याच्या या टोकाला शिंकलो तर त्या टोकाच्या गाई दूध आखडून घेत. आमच्या आयरिश मॅनेजरने हा गुण हेरला आणि मला नवं काम दिलं. सरकारच्या नागरी संरक्षणाकडून रोज इशारे यायचे: सायरन, मास्क, वादळ, पाऊस, कुठला रस्ता बंद. मॅनेजर ते इंग्रजीत लिहून माझ्या हातात द्यायचा आणि मी मेसमध्ये भोंग्यावरून हिंदीत सांगायचो. कागदावर असायचं, ‘जोराच्या वाऱ्याची शक्यता, सैल वस्तू बांधून ठेवाव्यात.’ हे असं वाचलं तर कोण बांधणार? मी सांगायचो, गोठ्यांची छपरं आज रियाधला पोचणार आहेत, ज्याला चिठ्ठी पाठवायची असेल त्याने आत्ताच वर चिकटवून द्यावी. लोक हसायचे आणि जाऊन बांधायचे. काम होत होतं.

पण मेसमध्ये एक मामू होते. रत्नागिरीकडचे, कंपनीचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. मामू खरे कोणाचेच नव्हते, म्हणून सगळ्यांचेच होते, आणि मला ते भाचे म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताटावरून मान वर न करता जाहीर केलं, ‘‘भाचे बोलतात त्याला चारने भागायचं. मी दोन दिवस पडताळून बघितलंय. तीनने भागलं तर जास्त येतं, पाचने भागलं तर पाऊसच पडत नाही.’’

तेव्हापासून चारचा भाव ठरला. मी भोंगा खाली ठेवायच्या आत शंभर माणसं मनात भागाकार करून मोकळी व्हायची आणि डाळ वाढून घ्यायची. मला राग येत नसे. माणसाचं बोलणं हिशेबात धरलं जातंय, हेही काही कमी नाही. तुम्हीही एव्हाना भागायला लागला असालच.

एके दिवशी मामू पिकअप घेऊन रियाधला गेले. बरोबर आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. साताऱ्याच्या, अतिशय कमी बोलणाऱ्या. त्यांना दवाखान्याची औषधं आणायची होती आणि रियाधच्या बत्हा बाजारात पोहे मिळाले तर पोहे. अंधार पडला की सायरन व्हायचे, म्हणून उजेडात परत यायचं असं ठरलं होतं. ते निघाले आणि पाऊस सुरू झाला.

आमच्या रस्त्यावर एक वादी लागते. वादी म्हणजे ओढा, पण वर्षभर कोरडा. इतका कोरडा की त्यात पाणी असतं हे ओढ्यालाही माहीत नसावं. रस्ता सरळ तिच्या पोटातून खाली उतरतो आणि पलीकडे वर चढतो. पूल नाही. कागद आला, ‘वादीला पूर, रस्ता वापरू नये.’ मॅनेजरने कागद बघितला, मला बघितलं, आणि म्हणाला, ट्रॅक्टर घेऊन जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये.

ट्रॅक्टरवाल्याला घेऊन मी गेलो. पाणी तांबडं होतं आणि आवाज करत नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत चाऱ्याचा एक ट्रक खाली उतरला. मिसरी, म्हणजे इजिप्तचा ड्रायव्हर होता, त्याला वाटलं ट्रक उंच आहे, निघून जाईल. मध्यावर ट्रक थांबला आणि मग हळूच, कूस बदलावी तसा, कलला. ड्रायव्हर खिडकीतून वर चढून गवताच्या गठ्ठ्यांवर उभा राहिला. आम्ही दोर फेकला, तो त्याने कमरेला बांधला आणि ट्रॅक्टरने त्याला काठाला ओढलं. त्याला धरायला मी पाण्यात उतरलो होतो. काठापासून चार पावलांवर पाणी माझ्या छातीला लागलं आणि पाय उचलायला लागलं.

ऑफिसात परत आलो तेव्हा मॅनेजर फोनवरच होता. वादीच्या पलीकडे, बराच लांब, एक पेट्रोल पंप आहे. तिथल्या सुदानी म्हाताऱ्याकडे चहा घेतल्याशिवाय आमचा एकही ड्रायव्हर पुढे येत नाही. मॅनेजरने म्हाताऱ्याला सांगून ठेवलं होतं, आणि मामू नेमके आत्ताच पोचले होते. मामूंचं इंग्रजी ‘येस सर’पाशी सुरू होऊन ‘नो सर’पाशी संपायचं. मॅनेजरने फोन माझ्या हातात दिला.

‘‘मामू, येऊ नका. वादीत छातीभर पाणी आहे.’’

‘‘म्हणजे पोटरीभर,’’ मामू म्हणाले. ‘‘पिकअप आरामात निघते. चहा संपला की आलोच.’’

‘‘मामू, भागू नका. खरंच छातीभर आहे.’’

‘‘खरंच तर तू रोजच म्हणतोस, भाचे. परवा खरंच गाई दुधाऐवजी कुल्फी देणार होत्या.’’

‘‘मी आत उतरलो होतो! ट्रक उलटलाय!’’

‘‘पाव ट्रक,’’ मामू म्हणाले. ‘‘म्हणजे एक चाक रुतलं असेल. ठेव फोन, अंधार पडायच्या आत पोचायचंय. सिस्टरना सायरनमध्ये रस्त्यात ठेवू काय?’’

मॅनेजर समोर उभा होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण माझं तोंड कळत होतं. माझ्या कपड्यांतून त्याच्या गालिच्यावर वादी टपकत होती. शपथ घ्यावी, तर मी छपरांच्या वेळी आईची, गारांच्या वेळी देवाची आणि एकदा मेसमधल्या बिर्याणीची घेऊन बसलो होतो. फोनमध्ये पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. चहा संपला होता.

मी श्वास घेतला आणि गुणाकार केला.

‘‘मामू, ऐका! पाणी खजुराच्या झाडाच्या शेंड्याला लागलंय! वरचे खजूर लोक होडीतून तोडतायत! उंट उताणे वाहत चाललेत, एकामागे एक, आणि पाय वर करून सलाम करतायत! एक नाही मामू, चार ट्रक उलटलेत!’’

मग मागून सिस्टरांचा आवाज आला, ‘‘काय म्हणतायत?’’

‘‘शेंड्यापर्यंत म्हणतो. आणि चार ट्रक.’’

‘‘मग भागा ना.’’

मामूंनी भागलं. ते भागत असताना मॅनेजरच्या टेबलावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं.

‘‘छातीभर,’’ मामू म्हणाले. ‘‘आणि एक ट्रक. पुरता.’’

‘‘मग थांबू या,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘हे असं सांग की, भाचे,’’ मामू फोनवर माझ्यावरच उखडले. ‘‘मघापासून पोटरीभर, पोटरीभर काय लावलं होतंस? अशा वेळी कोणी खोटं बोलतं? खलास, आम्ही इथेच थांबतो.’’

मॅनेजरने विचारलं, काय सांगितलंस त्याला? मी म्हणालो, परिस्थिती, सर.

ती रात्र त्यांनी सुदानी म्हाताऱ्याच्या घरी काढली. सिस्टर आत बायकांत, मामू बाहेर चुलीजवळ. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं आणि पिकअप आली. वाटेत वादीत चाऱ्याचा ट्रक अजून आडवा पडून होता. मामू गाडी थांबवून खाली उतरले. काठावरच्या खांबावर चिखलाची रेघ उमटली होती, तिला पाठ लावून उभे राहिले. मग मेसमध्ये येऊन हात धुण्याआधी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ‘‘मी स्वतः लावून बघितलं. बरोबर छातीला येतं. चारचा भाव पक्का आहे, कोणी बदलू नका.’’

लोकांनी माना डोलावल्या. माझा खोटेपणा आता प्रत्यक्ष मोजून प्रमाणित झाला होता. त्या दिवसापासून माझं काम चौपट झालं, कारण आता प्रत्येक इशारा आधी नीट गुणून घ्यावा लागे. थंडीचा कागद आला की तर पंचाईतच. दोन अंश थंडी चौपट करायला गेलं की आठ अंश होते, आणि माणसं स्वेटर काढून ठेवतात.

संध्याकाळी मी दवाखान्यात औषधांची खोकी उतरवून द्यायला गेलो. पोहे मिळाले होते. सिस्टर ते डब्यात भरत होत्या.

‘‘बरं झालं तुम्ही भागा म्हणालात,’’ मी म्हणालो. ‘‘नाहीतर मामू निघाले होते.’’

‘‘मला पहिल्या वेळीच पटलं होतं,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘पिकअपची किल्ली मी पर्समध्ये टाकली होती.’’

‘‘पहिल्या वेळीच? ते कसं काय?’’

‘‘मामू फोन कानापासून लांब धरतात. तुमचं सगळं ऐकू येत होतं. पहिल्या वेळी त्यात एकसुद्धा उंट नव्हता.’’

‘‘मग तसं मामूंना सांगायचं नाही का?’’

सिस्टरांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

‘‘त्यांना हिशेबानेच पटतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि हे ओले बूट बाहेर काढा आधी.’’